औषधाची मात्रा आणि रोग्याचे वजन



१९४८ सालच्या आरंभी एक तेवीस वर्षांचे गवई हवापालटासाठी देवासला राहावयास आले. बेळगावजवळच्या सुळेभावी गावचे शिवपुत्र कोमकळी हे त्यांचे मूळचे नाव. पण लहानपणापासून सारा महाराष्ट्र त्यांना कुमार गंधर्व म्हणूनच ओळखत होता. फुप्फुसाच्या क्षयाने त्यांना गाठले होते आणि डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली होती. क्षयावर त्या काळी सर्वांच्या आवाक्यातला उपाय म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी हवा. माळव्याच्या पठारावर ह्यांतील तिसरी गोष्ट फुकट मिळे, म्हणून देवास. पुढली काही वर्षे ते बहुतेक अंथरुणावरच होते. रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्यांची माळवी गाणी खिडकीतून कानांवर पडत. ज्यांना गावयाचे नव्हते ते गवई पडल्या पडल्या ऐकत राहिले, आणि त्या ऐकण्यातून पुढे काय निर्माण झाले ते आपण सर्व जाणतोच. यथाकाल स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध त्यांच्यापर्यंत पोहोचले, रोग हटला, आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले असतानाही १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले.

ही कथा आपण ऐकलेली असेल. आज मला तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे जसे क्षयाच्या जंतूंचा नाश करणारे औषध आहे, तसेच ते प्रमाणाबाहेर गेले तर माणसाच्या कानावर घाव घालणारे औषध आहे. अंतर्कर्णात तोल सांभाळणारा एक भाग असतो आणि ऐकणारा दुसरा. ह्या औषधाने बहुधा प्रथम तोल जातो. रोग्याला घेरी येते, अंधारात चालताना पाय लटपटतात. मग कधी कानांत गुणगुण सुरू होते आणि ऐकू येणे कमी होते. एकदा गेलेली ही श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. जे औषध गवयाचे फुप्फुस वाचवते तेच त्याचा कान नेऊ शकते, आणि ह्या दोन परिणामांमधले अंतर फार थोडे असते. ते अंतर कशाने मोजावयाचे? रोग्याच्या शरीराच्या वजनाने. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली अमेरिकेत रट्गर्स येथे सेलमन वाक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ ह्या विद्यार्थ्याने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून लावला. १९४८ साली, म्हणजे कुमारजी देवासला आले त्याच वर्षी, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ह्या औषधाचा पहिला काटेकोर पडताळा प्रसिद्ध केला. १०७ रोगी घेतले. ५५ जणांना औषध दिले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४ रोगी दगावले होते, दुसऱ्या गटातील १४. औषधाचा गुण ह्याहून स्पष्ट तो काय दिसावा! पण ह्या चाचणीत मात्रा किती होती ते पाहा. प्रत्येकाला रोज दोन ग्रॅम, दर सहा तासांनी सुई टोचून. रोगी धिप्पाड असो वा काटकुळा, दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम. घेरीची तक्रार त्या रोग्यांत सर्रास होती. आज ह्याच औषधाची मात्रा शरीराच्या दर किलोमागे सुमारे पंधरा मिलिग्रॅम धरतात. पन्नास किलोच्या माणसाला ती साडेसातशे मिलिग्रॅम पडते. त्या चाचणीच्या हिशेबाने त्यालाच दोन हजार मिळाले असते. पहिल्या पिढीतील डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. नवे शस्त्र हाती आले होते आणि त्याची धार किती हे वापरूनच कळणार होते. जॉर्ज ऑर्वेल ह्या इंग्रज लेखकालाही त्याच वर्षी स्कॉटलंडमधील एका रुग्णालयात हे औषध दिले गेले. त्याच्या अंगावर चट्टे उठले, तोंडात व्रण झाले, केस गळू लागले, आणि औषध बंद करावे लागले. जानेवारी १९५० मध्ये तो क्षयानेच वारला. ऑर्वेलला झालेला त्रास नुसत्या मात्रेचा नव्हता, त्याच्या प्रकृतीला ते औषधच मानवले नाही. परंतु त्या काळात सारे किती अंदाजाने चालले होते ह्याची त्यावरून कल्पना यावी.

किलोमागे इतके मिलिग्रॅम, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय? आपल्या घरातील गृहिणीला हा अर्थ सांगावा लागणार नाही. चार माणसांच्या आमटीला जे मीठ लागते ते चाळीस माणसांच्या पातेल्यात टाकले तर आमटी अळणी होते, आणि चाळीसांचे मीठ चौघांच्या पातेल्यात पडले तर ती तोंडात घालवत नाही. गुण मिठाच्या चमच्यात नाही. पाण्याच्या प्रत्येक घोटात ते किती आले ह्यात आहे. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. औषध रक्तात उतरते, रक्तातून ह्या पाण्यात पसरते, आणि त्याची जी तीव्रता होईल तिच्यावर त्याचे काम अवलंबून राहते. जंतूला मारण्यास लागणारी एक पातळी असते. तिच्या खाली औषध असून नसल्यासारखे. शरीराला इजा करणारी दुसरी पातळी असते. तिच्या वर औषधच विष होते. ह्या दोन पातळ्यांमध्ये औषध ठेवावयाचे ही डॉक्टरची सारी कसरत. काही औषधांच्या बाबतीत ह्या दोन पातळ्यांत ऐसपैस जागा असते आणि थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाते. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधात ती जागा अरुंद असते.

परंतु आमटीचा दृष्टान्त इथवरच पुरतो. पातेले मीठ खात नाही. शरीर मात्र आलेल्या औषधाची विल्हेवाट लावू लागते. यकृत ते मोडते, मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. म्हणून मूत्रपिंडे अधू असलेल्या रोग्याला स्ट्रेप्टोमायसिनची तीच मात्रा साचत जाऊन जड होते, आणि वयस्कर माणसाला ती मुळातच कमी द्यावी लागते. चरबीचेही तसेच. पाण्यात विरघळणारे औषध चरबीत फारसे शिरत नाही. तेव्हा शंभर किलोच्या स्थूल माणसाला शंभर किलोंच्या हिशेबाने ते देणे म्हणजे त्याच्या उरलेल्या शरीरावर अन्याय करणे होय. अशा वेळी उंचीवरून काढलेले योग्य वजन आधाराला घेतात.

सरळ त्रैराशिकाने फसगत कशी होते ह्याचे एक दुःखद उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९६२ साली अमेरिकेत ओक्लाहोमा शहराच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीवर एका भ्रमकारक औषधाचा प्रयोग झाला. मांजराला किलोमागे जितके चालते ते धरून हत्तीच्या वजनाने गुणले आणि २९७ मिलिग्रॅमची सुई दिली. हत्ती काही मिनिटांत कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. उतारा म्हणून मागाहून दिलेल्या औषधांचाही त्यात वाटा असावा असे म्हणतात. पण हिशेबातली मूळ चूक लपत नाही. मोठ्या प्राण्याचे एक किलो शरीर लहान प्राण्याच्या एका किलोइतके झपाट्याने काम करीत नाही. लहान देहाची भट्टी वेगाने जळते, मोठ्याची संथपणे. कर्करोगाच्या पुष्कळ औषधांची मात्रा नुसत्या वजनावर न काढता उंची आणि वजन ह्यांवरून काढलेल्या त्वचेच्या क्षेत्रफळावर ठरवितात, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

हत्ती आणि मांजर दूरची वाटली तर आपल्या घरातील बाप आणि मूल घ्या. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध मोठ्या माणसाला दर किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास लागते. मुलाला किती लागावे? सामान्य माणूस म्हणेल, तेवढेच किंवा थोडे कमी; नाजूक जीव आहे. वस्तुतः मुलाला किलोमागे दहा, म्हणजे दुप्पट लागते. रिफॅम्पिसिन मोठ्याला किलोमागे दहा, मुलाला पंधरा. मुलाचे शरीर औषध लवकर मोडते, म्हणून एकूण मात्रा कमी असली तरी किलोमागची मात्रा जास्त. मुलाला बापाच्या गोळीचा तुकडा मोडून देणाऱ्या घरांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवजात अर्भकाची कथा आणखी निराळी: त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून कामाला लागलेली नसतात, म्हणून त्याचा हिशेब पुन्हा उलट दिशेने फिरतो.

मुलांच्या मात्रेचा हिशेब पूर्वी बहुधा वयावरून करीत. देवासला संस्थानी काळात एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. तशी मुलांच्या औषधावरही दोन राज्ये होती, एक वयाचे आणि एक वजनाचे. वयाचा नियम असा: मुलाच्या वयाला त्याच वयात बारा मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे, आणि मोठ्याच्या मात्रेचा तेवढा अंश द्यावा. चार वर्षांच्या मुलासाठी चार भागिले सोळा, म्हणजे पाव मात्रा. वजनाचा नियम असा: मुलाचे वजन पौंडांत घेऊन दीडशेने भागावे. मूल भरल्या अंगाचे असेल तर दोन्ही नियम एकाच ठिकाणी येतात. सोळा किलोचे, म्हणजे पस्तीस पौंडांचे चार वर्षांचे मूल असेल तर दुसऱ्या नियमानेही जवळजवळ पावच मात्रा येते.

आता धार जिल्ह्याच्या पश्चिम आणि दक्षिण भागातील एखाद्या भिल्ल पाड्यावर चला. तेथेही चार वर्षांचे मूल आहे, पण अपुऱ्या पोषणामुळे त्याचे वजन अकरा किलोच भरते. वयाच्या नियमाने त्याला पाव मात्रा मिळेल. वजनाच्या नियमाने त्याला सहाव्या हिश्श्याहून थोडे कमी मिळावयास हवे. म्हणजे वयाचा कायदा ह्या मुलाच्या अंगात दीडपट औषध घालतो. आणि हे तेच मूल की ज्याचे यकृत उपासमारीने आधीच दुबळे झालेले आहे. वय विचारणे सोपे असते, आई लगेच सांगते. वजनासाठी काटा लागतो. सोपे म्हणून जे रूढ होते ते अशा रीतीने नेमके गरिबाच्या मुलाला महाग पडते.

जुन्या मापांचे अवशेष आपल्या औषधांत अजून राहिले आहेत, ते सहज सांगून ठेवतो. वैद्य गुंज, मासा आणि तोळा ह्यांत मात्रा सांगत. शहाण्णव गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज साधारण एकशेवीस मिलिग्रॅमची. इंग्रजी दवाखान्यात ग्रेन चाले. एक ग्रेन सुमारे पासष्ट मिलिग्रॅमचा. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासूनच्या अंमलाने किलो-ग्रॅम आले खरे, पण तापावरची गोळी बाजारात ६५० मिलिग्रॅमची का मिळते, सरळ सहाशे वा सातशेची का नाही, असा प्रश्न कधी पडला असेल तर उत्तर हे: ते जुने दहा ग्रेन आहेत.

तापाची गोष्ट निघालीच आहे तर घरोघरी होणारी एक चूक येथेच सांगतो. पॅरासिटामॉल हे तापावरचे औषध मुलाला एका वेळी किलोमागे जास्तीत जास्त पंधरा मिलिग्रॅम द्यावे, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ते देऊ नये. मूल बारा किलोचे असेल तर बारा गुणिले पंधरा, एकशेऐंशी मिलिग्रॅम. इथवर हिशेब सोपा. पुढे बाटली येते. एका बाटलीवर लिहिलेले असते, पाच मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम. दुसरीवर, पाच मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम. तिसरी लहान, थेंबांची बाटली असते. तिच्यात एका मिलिलीटरमध्येच १०० मिलिग्रॅम. तेव्हा त्याच मुलाला त्याच तापासाठी पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलीटर, दुसरीतून साडेतीनच्या थोडे वर, आणि तिसरीतून दोनलाही थोडे कमी द्यावयाचे. रंग तोच, वास तोच, नाव तेच. मागल्या वेळी साडेसात दिले होते एवढे लक्षात ठेवून आईने दुसऱ्या प्रकारच्या बाटलीतून तेवढेच ओतले की मात्रा दुप्पट होते, आणि थेंबांच्या बाटलीतून ओतले तर चौपटीच्याही वर जाते. हे औषध थोड्या मात्रेत निरुपद्रवी, पण पुन्हा पुन्हा जास्त गेले तर यकृत नासवते. शिवाय घरातील चमचा हे माप नव्हे. चहाचा एक चमचा तीन मिलिलीटरचा निघतो, दुसरा सहाचा. बाटलीबरोबर मिळणारी मापाची टोपी किंवा बिनसुईची पिचकारी ह्यांचाच वापर करावा. ‘दोन चमचे’ असे सांगणाऱ्या डॉक्टराला, किती मिलिलीटर, असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आता पुन्हा क्षयाकडे वळू. कारण वजनाचा हिशेब सबंध देशाच्या पातळीवर कसा राबविला जातो हे त्याच रोगात पाहावयास मिळते.

देवासच्या कोरड्या हवेवर लोकांची जी भिस्त होती तिला पहिला मोठा धक्का मद्रासमध्ये बसला. तेथे १९५६ साली क्षयचिकित्सेचे एक संशोधन केंद्र निघाले. शहरातील गरीब वस्त्यांतले रोगी घेऊन अर्ध्यांना आरोग्यधामात ठेवले, अर्ध्यांना त्यांच्या खोपटांतच औषधे दिली. आरोग्यधामातल्या रोग्यांना चांगले अन्न आणि विश्रांती मिळाली, त्यांची वजनेही अधिक वाढली. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत रोग बरा होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. गुण हवेचा नव्हता, नियमित घेतलेल्या औषधाचा होता. साऱ्या जगाने ह्या प्रयोगापासून धडा घेतला आणि क्षयाचा रोगी डोंगरावरून घरी परतला.

पण घरी घ्यावयाचे औषध किती? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९९७ पासून बरीच वर्षे आठवड्यातून तीन दिवस औषध देत, आणि त्यासाठी रोग्याच्या नावाची एक पेटी असे. तीस किलोपासून साठ किलोपर्यंतच्या प्रौढाला साधारणपणे एकच पेटी, तिच्यात रिफॅम्पिसिन साडेचारशे मिलिग्रॅम. साठाच्या वर असल्यास दीडशे अधिक. व्यवस्थेच्या दृष्टीने हे फार सोयीचे होते आणि त्या पेट्यांनी लक्षावधी लोक बरे केले हे विसरता कामा नये. तरीही हिशेब करून पाहावा. तेहतीस किलोच्या बाईला ह्या पेटीतून किलोमागे साडेतेरा मिलिग्रॅमहून अधिक पडत होते, आणि अठ्ठावन्न किलोच्या पुरुषाला आठदेखील पुरते पडत नव्हते. एकीला जास्त, एकाला कमी. कमी पडण्याचा तोटा दुहेरी: रोगी बरा होत नाही, आणि अर्धमेले राहिलेले जंतू औषधाला दाद न देण्यास शिकतात.

२०१७ च्या सुमारास देशभर रोजच्या औषधाची पद्धत सुरू झाली आणि वजनाचे टप्पे पाडण्यात आले. आता चार औषधांची मिळून एकच गोळी असते: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. प्रौढ रोग्याचे वजन २५ ते ३४ किलो असल्यास रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ असल्यास तीन, ५० ते ६४ असल्यास चार, ६५ ते ७५ असल्यास पाच, आणि त्यापुढे सहा. पहिल्या दोन महिन्यांनंतर पायराझिनामाइड वगळलेली तीन औषधांची गोळी, पण संख्या त्याच टप्प्याने. मुलांसाठी पाण्यात विरघळणारी वेगळी गोळी आणि वेगळे टप्पे. खेड्यातील आरोग्य कर्मचाऱ्याला गुणाकार करावा लागू नये, नुसता काटा वाचता यावा, अशी ही योजना आहे. मला स्वतःला तिच्यातला हा साधेपणा फार मोलाचा वाटतो.

तथापि काटा एकदाच वाचून भागत नाही. देवास जिल्ह्यात नर्मदेच्या बाजूला बागली तालुका आहे. समजा, तेथील एका शेतमजूर बाईचा रोग उघड झाला त्या दिवशी तिचे वजन ३३ किलो भरले. रोज दोन गोळ्या सुरू झाल्या. रिफॅम्पिसिन तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे नऊ. अगदी योग्य. औषध लागू पडले, ताप गेला, अन्नावर वासना आली. चौथ्या महिन्यात ती ३९ किलोंची झाली. घरचे लोक आनंदले आणि गोळ्या दोनच चालू राहिल्या. आता तेच तीनशे मिलिग्रॅम ३९ किलोंत वाटले जात आहेत. किलोमागे आठाच्याही खाली. आयसोनियाझिडदेखील किलोमागे चाराच्या खाली घसरले. म्हणजे बाई बरी होत आहे ह्याच कारणाने तिचे औषध अपुरे पडू लागले! म्हणूनच वजन पाच किलो वा अधिक बदलून रोगी दुसऱ्या टप्प्यात गेला की गोळ्यांची संख्या बदलावी असा नियम आहे. नियम कागदावर आहे. तो अंमलात येतो की नाही हे दर महिन्याला कोणी त्या बाईला काट्यावर उभे केले की नाही ह्यावर अवलंबून. उलट दिशेने चुकल्यासही किंमत मोजावी लागते. इथॅम्ब्युटॉल प्रमाणाबाहेर गेल्यास डोळ्याच्या मज्जातंतूला सूज येते आणि पहिले लक्षण म्हणून लाल-हिरवा हे रंग ओळखू येईनासे होतात. स्ट्रेप्टोमायसिन कानाला, इथॅम्ब्युटॉल डोळ्याला.

वजनाचे महत्त्व केवळ गोळ्या मोजण्यापुरतेही नाही. मद्रासच्या प्रयोगाने औषध हेच मुख्य असे सांगितले, ते खरेच. पण फार खंगलेला रोगी औषध चालू असतानाही दगावतो, हेही तितकेच खरे. झारखंडमध्ये अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव ह्या डॉक्टर दांपत्याने केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, औषधाबरोबर शिधा मिळालेल्या ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे दोन किलो. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकारकडून मिळणारे दरमहा पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले आहेत. त्यांतून ते दोन किलो यावयाचे आहेत.

धार जिल्ह्यात हा हिशेब आणखी एका रोगापाशी येऊन ठेपतो. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पश्चिम माळवा आणि निमाडच्या आदिवासी समाजांत बराच आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल हाडांच्या दुखण्याने रात्र रात्र तळमळते. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातील समारंभात मध्य प्रदेशातील एक कोटीवे सिकल सेल तपासणी कार्ड देण्यात आले. कार्डाने रोग कळतो. त्यापुढचे काम हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधाचे. ते रक्तातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते, पेशी वाकण्याचे प्रमाण कमी होते, आणि दुखण्याचे झटके विरळ होतात. सुरुवातीची मात्रा किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. मग रक्त तपासत हळूहळू वाढवावयाची, कारण जास्त झाल्यास पांढऱ्या पेशी खाली येतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो.

अडचण निराळीच आहे. ह्या औषधाची सर्वत्र मिळणारी कुपी ५०० मिलिग्रॅमची. चौदा किलोच्या मुलाला लागतात दीडशे ते दोनशेच्या आसपास. कुपी उघडून भुकटी अंदाजाने वाटणे हा उपाय नव्हे. ती भुकटी हाताळणाऱ्यालाही अपायकारक असते, विशेषतः गरोदर स्त्रीला. त्यासाठी कमी मात्रेच्या गोळ्या किंवा पातळ औषध हवे, आणि ते तालुक्याच्या औषधभांडारात सतत असावयास हवे. पीथमपूर आणि देवास ह्या दोन्ही औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत. जगभर जाणाऱ्या गोळ्या तेथे एका मापाच्या साच्यातून पडतात. त्याच जिल्ह्यांतील मुलाच्या मापाची गोळी त्याच्या पाड्यापर्यंत पोहोचणे हे अंतर मैलांत मोजण्यासारखे नाही.

आणि हे मूल वाढते आहे. यंदा ते चौदा किलोचे आहे, किलोमागे पंधरा धरल्यास २१० मिलिग्रॅम. वर्षभरात झटके कमी झाले, जेवू लागले, सतरा किलोचे झाले, तर २५५. ज्या काट्यावर त्याला उभे करावयाचे तो आधी शून्यावर आणलेला असावा, पायांत चप्पल आणि अंगावर घोंगडी नसावी, आणि आलेला आकडा किलोत, तारखेसह, औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला असावा; म्हणजे पुढल्या वेळी जो कोणी डॉक्टर ती चिठ्ठी हाती घेईल त्याला गुणाकार कोठून सुरू करावयाचा ते कळेल.